तारागडची तोफ

जानराव मेश्रामला डाव्या कानानं ऐकू येत नसे, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. लढाईत दुसऱ्यांना बिल्ले मिळाले, मला हे मिळालं, असं म्हणून तो कान पुढं करी. सुपेला वस्तीतल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी तो बसला की बाकीच्यांनी मुकाट्यानं त्याच्या उजव्या बाजूला बसायचं, हा तिथला अलिखित नियमच होता. एकदा बसलं की त्याच्या तोफेच्या गोष्टींतून सुटका नाही.

जानराव महायुद्धाच्या काळात आरमारात होता. भरतीवाले नागपूरला आले तेव्हा त्यानं समुद्र कधी चित्रातही पाहिला नव्हता. वैनगंगेपेक्षा मोठं पाणी असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. तरी गेला, आणि ‘तारागड’ नावाच्या युद्धनौकेवर पुढच्या मोठ्या तोफेवर लागला. पुढची सगळी वर्षं त्या तोफेच्या गोष्टींवर निघाली. ती सुटली की भटारखान्यातल्या बशा फुटायच्या. तोंडाखालचा समुद्र दाबल्यासारखा सपाट व्हायचा. आवाज कानात नाही, पोटात यायचा.

“इथून मारली ना,” जानराव टपरीवरून पश्चिमेकडं बोट दाखवी, “तर गोळा दुर्ग शहराच्या डोक्यावरून शिवनाथ नदीपार जाऊन पडन. अन् इथं तुमच्या हातातला चहा सांडन, ते येगळं.”

लोक हसत. आता तो पोलाद कारखान्याच्या भंगार यार्डात चुंबकाची क्रेन चालवत होता. उंचावरच्या केबिनमध्ये बसायचं, लोखंडी तव्यासारखं मोठं चुंबक खाली सोडायचं, देशभरातून आलेलं भंगार उचलायचं आणि गॅसनं कापायला किंवा भट्टीच्या डब्यात टाकायचं. काम त्याला चांगलं जमत असे, आणि जमतं हे तो सगळ्यांना सांगतही असे.

एक गोष्ट मात्र तो टपरीवर कधी सांगत नसे. ती फक्त भीमाबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होती.

तोफेवर पहिल्यांदा कवायत झाली तेव्हा गोळा हातोहात द्यायचा होता. खालच्या कोठारातून वर, एकाकडून दुसऱ्याकडं, शेवटी तोफेत. जानरावच्या पुढं एक ठाकूर गडी उभा होता. जानरावनं गोळा पुढं केला, तर तो म्हणाला, खाली ठेव, मग मी उचलतो. गावात जानरावला अशीच भाकर मिळायची, वरून टाकलेली. पाणी मिळायचं तेही ओंजळीत, वरून ओतलेलं. सवयीनं तो वाकलासुद्धा. पण तोफेवरचा नायक असा कडाडला की दोघंही ताठ झाले. गोळा खाली ठेवायचा नसतो. ठेवला तर जहाज बुडतं. ठाकुरानं दोन्ही हात पुढं केले, जानरावच्या बोटांवर त्याची बोटं पडली, आणि गोळा पुढं गेला. त्यानंतर लढाई संपेपर्यंत त्या तोफेजवळ कुणी कुणाला काही खाली ठेव म्हणालं नाही. ताटंही एक झाली.

“मानसाले मानूस शिवला तो त्या तोफीनं,” जानराव भीमाबाईला सांगे. “मंग नागपूरले दीक्षा घेतली ते बाबासाहेबांनं शिकवलं म्हनून. पन पयले मले तोफीनं शिकवलं.”

भीमाबाईनं ती तोफ पाहिली नव्हती, पण ती घरातल्या एखाद्या थोरल्या जावेसारखीच होती. तिच्याबद्दल ऐकून ऐकून पार कान किटले होते, तरी कधीतरी भेटावं असं वाटत होतंच.

अशात एका सकाळी मुंबईहून मोडलेल्या जहाजांचं भंगार घेऊन आलेल्या वॅगनमधून चुंबकाला एक लांबलचक नळा चिकटून वर आला. जानरावनं तो हवेतच धरून ठेवला. खाली लहानू, त्याचा वर्ध्याकडचा दोस्त, गॅसकटर पेटवून वाट पाहत होता.

“टाक ना गा खाली!” लहानू ओरडला. “काय निजला का?”

जानरावनं नळा अगदी हळू, झोपलेलं पोर खाटेवर ठेवावं तसा ठेवला आणि शिडीवरून धडाधडा उतरला. मागच्या तोंडाच्या झडपेवर लढाईत छर्रा लागून पडलेला खळगा होता. त्यात त्यानं अंगठा घातला. अंगठा बरोबर बसला, जसा तेव्हा बसायचा. हा धिप्पाड माणूस भर यार्डात ढसाढसा रडला आणि त्याची त्याला काडीची लाज वाटली नाही.

“हात लावू नोको लहानू,” तो म्हणाला. “हे माही तोफ हाय.”

लहानूनं ज्योत विझवली. मित्र म्हणून नव्हे. जानरावच्या हातात तेव्हा पहार होती.

पुढचा प्रश्न साहेबाचा होता. यार्डाचे मोठे साहेब राघवन. जानराव त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला नाही. तो त्यांना घेऊनच आला. झडपेवर रॉकेल ओतलं, खटका फिरवला, आणि इतक्या वर्षांची झडप कुरकुरत उघडली. आतल्या नळीत उजेड फिरत फिरत गेला. राघवन साहेबांचं बालपण मद्रासच्या बंदराजवळ गेलेलं. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

“जहाज तो बचा नहीं,” ते म्हणाले. “यही बची है. मैं ऊपर बात करता हूँ. तब तक कोई इसको काटेगा नहीं.”

सगळं यार्ड त्या तोफेच्या मागं लागलं. लहानूनं गंज खरवडला. एका सरदारजी ट्रकवाल्यानं ग्रीस आणून दिलं. फोरमन पाठकजींनी तर कमालच केली. माणूस कडक, पण तोफ पाहून हरखून गेला. त्यांनी फाटकाजवळ विटांचा चौथरा बांधून घेतला, आणि जानरावनं आपल्या क्रेननं तोफ त्यावर ठेवली. येणारा-जाणारा थांबे, नळ्यात डोकावे, त्यात ओ देऊन बघे. जानराव सुटीच्या वेळी तिथं उभा राही आणि ऐकणारा मिळाला की शिवनाथ नदीपर्यंत गोळा मारी.

घरी मात्र त्याचा मेहुणा देवीदास नाराज होता. देवीदास विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी, बोलण्यात तोलूनमापून.

“जवाईबापू, आपन पंचशील म्हनतो,” तो म्हणाला, “अन् तुमी मानसं माराची मशीन जपून ठेवून राहिले? कावून?”

“देवीदासभाऊ, मी तिची पूजा नाई करून राहिलो. जपून ठेवून राहिलो.”

“पूजा तुमी नाई करणार. दुसरा करन.”

जानरावनं ते हसण्यावारी नेलं. देवीदासला सगळ्यात वाईटच दिसतं, असं त्याचं मत होतं.

विश्वकर्मा पूजेचा दिवस आला. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला आत सोडत. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पोरांना कडेवर घेऊन येत आणि आपला माणूस कुठं उभा राहतो ते बघत. बौद्ध कुटुंबंही येत; पूजेला नव्हे, कारखाना बघायला. भीमाबाई पांढरं लुगडं नेसून आली होती, सोबत देवीदास. भट्टी काही कुणाच्या पूजेसाठी थांबत नाही, म्हणून जानरावची क्रेन चालूच होती. त्याला वरून सगळं यार्ड दिसत होतं, आणि आज तर त्याला छाती फुगवायला दुहेरी कारण होतं. वरून मंजुरी आली होती. तोफ कायमची राहणार, हे साहेब आज सगळ्यांसमोर सांगणार होते.

पाठकजींनी सकाळीच तोफेला शेंदूर फासला होता. नारळ फुटला, झेंडूच्या माळा चढल्या, आणि चौथऱ्याभोवती चार लोखंडी खुंट्या ठोकून दोरी बांधली गेली. बायका दोरीआत जात, नळ्याला कुंकू लावत, पोरांचं डोकं टेकवत. पाठकजी ताट धरून उभे. जानरावला शेंदूर फारसा आवडला नाही. पण चालतंय, ज्याचा त्याचा मान, असं म्हणून त्यानं पुढचा भंगाराचा ढीग उचलला.

ढीग टाकून तो वळला तेव्हा भीमाबाई दोरीजवळ पोचली होती. तिनं पदर सारखा केला, दोरी उचलली आणि हात पुढं केला. तिला कुंकू लावायचं नव्हतं. फक्त हात लावायचा होता.

पाठकजींनी ताट आडवं धरलं. जानरावला वरून शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि गरजही पडली नाही. पाठकजींचा दुसरा हात कसा हलला ते त्यानं पाहिलं. लांबूनच, लांबूनच. असा हलणारा हात तो जन्मापासून ओळखत होता. भीमाबाईच्या मागची बाई तिच्या बाजूनं आत गेली आणि नळ्याला डोकं टेकवून आली. भीमाबाईनं दोरी खाली सोडली आणि दोन पावलं मागं झाली. देवीदास तिच्याजवळ उभा होता. तो वर क्रेनकडं बघत होता, पण त्याच्या तोंडावर ‘मी सांगितलं होतं’ असलं काही नव्हतं.

जानरावचं रक्त उसळलं. त्यानं रिकामं चुंबक वर ओढून घेतलं.

खाली साहेबांचं भाषण सुरू झालं. ही तोफ आता इथंच राहील, पुढच्या पिढ्या ती बघतील. टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत क्रेनची घंटा वाजली, एकदा, मग सलग. यार्डात ती घंटा वाजली की बाजूला व्हायचं, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. गर्दी पांगली, पाठकजीही ताट घेऊन मागं सरले. चुंबक वरून सरळ चौथऱ्यावर उतरलं. झेंडूच्या माळा चिरडल्या. तोफ उचलली गेली, नारळाची शकलं गडगडत खाली पडली, आणि सगळ्या लोकांच्या देखत ती रिकाम्या रुळांवरून जाऊन लहानूच्या कापायच्या ढिगावर अलगद टेकली.

जानराव खाली उतरला तेव्हा साहेब धावतच आले होते.

“जानराव! पागल हो गए? तुम्हीने तो माँगा था!”

“हाव साब. हमारेच कहने से रखी थी. अब हमारेच कहने से गला दो.”

“देवता है अब वो!” पाठकजी ओरडले. “उसको भंगार में फेंक दिया!”

“ते जाहाजावर होती तवा देवता नोती, पाठकजी,” जानराव म्हणाला. आवाज त्यानं चढवला नाही. “तवा तिच्यापाशी ठाकुराचा हात माह्या हाताले लागे. तेवढ्यासाठीच ठेवाची होती मले. माही बायको जिले शिवू शकत नाई, ते माही तोफ नोय.”

मराठी साहेबांना कळण्याइतकी येत होती. त्यांनी चौथऱ्याभोवतीच्या दोरीकडं पाहिलं, मग बाजूला एकटी उभ्या असलेल्या भीमाबाईकडं. त्यांचा चेहरा उतरला.

“रस्सी अभी निकलवाता हूँ,” ते म्हणाले.

“तुम निकालोगे साब, मालूम है. तुम अच्छे आदमी हो.” जानराव हसला. “पर तुम्हारी बदली होगी. फिर कोई बाँधेगा.”

साहेबांनी पाठकजींकडं असं पाहिलं की पाठकजी ताट कुठं ठेवावं ते शोधू लागले. मग साहेबांनी लहानूला मान हलवून खूण केली आणि ते ऑफिसकडं चालू लागले.

लहानूनं कटर पेटवायला घेतला आणि थांबला. भीमाबाई भंगाराच्या ढिगातून वाट काढत येत होती. तुटलेल्या सळया, पत्रे, जुनी चाकं. पांढऱ्या लुगड्याला गंज लागत होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. ती तोफेजवळ आली. जिथं शेंदूर नव्हता तिथं तिनं तळहात ठेवला, आणि तसाच ठेवून उभी राहिली. मागोमाग देवीदास आला. पंचशील पाळणाऱ्या त्या माणसानंही, इकडंतिकडं न बघता, हात ठेवला.

“तापली हाय,” भीमाबाई म्हणाली.

“उनात होती ना.”

“मंग? आता वाईट नाई वाटत तुमाले?”

“वाटते ना. लय वाटते.” जानरावनं नाक पुसलं आणि लहानूला म्हणाला, “चाल, काप. बारके तुकडे कर, डब्यात बसतीन असे.”

निळी ज्योत लोखंडाला लागली. भीमाबाईनं डोळ्यांवर पदर धरला, पण तिथून हलली नाही.

“कावून कापू देता जी?” ती हळूच म्हणाली. “घरी नेली असती. आंगनात ठेवली असती.”

“घरी ठेवली तं आपल्यापुरती राह्यते,” जानराव म्हणाला. “इथं भट्टीत गेली तं रूळ होईन तिचा. नागपूर, मुंबई, मद्रास, कुठं कुठं टाकतीन. सारं जग जाईन तिच्यावरून. रुळाले कोन दोरी बांधते वं?”