नावेतलं डोहाळजेवण आणि पाच किलोची ढेप

आमच्या व्याह्यांना हौस लई. बलभीमराव, सास्तूरचे. माझी राजेश्वरी त्यांची सून. लेकीला सातवा लागला तसं त्यांनी ठरवलं, डोहाळजेवण नावंतलंच करायचं. आता सास्तुरात नाव कुठनं आणायची? तर ह्या माणसानं अंगणात हौदासारखा खड्डा खणला, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद आंथरला, टँकरनं पाणी भरलं आन् सुताराकडनं प्लायवूडची नाव करून घेतली. हिरवी साडी नेसून लेक नावंत बसली. व्याही काठावर उभं राहून सगळ्यांदेखत तुळजापूरच्या देवीला बोलले, नातवंडाच्या भारोभार गूळ वाहीन.

बोलून गप बसावं का न्हाय? दुसऱ्या दिवशी पाच किलोची ढेप आणून देवापुढं ठेवली. म्या म्हनलं, पाच किलोचं लेकरू कुणाला झालंय ते दाखवा मला. तर म्हणे, आमच्यात थोराडच निपजतात.

जेवण झालं, पाव्हणे गेले, हौद तसाच राहिला. गावातल्या पोरी नावंत बसून फोटो काढायच्या, मग व्याह्यांना तो मोडवेना. रोज सकाळी वाकून पाण्यातलं पान न् पान वेचायचे. तळ दिसतोय तळ, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

महिना सरायच्या आत लेकीला हुडहुडी भरून ताप आला. विहीणबाई द्वारकाबाईंनी निदान केलं, एवढ्या लोकांनी बघितलं, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, आन् दुसऱ्या दिवशी ताप न्हाय. गुण आला म्हणून मला फोन. तिसऱ्या दिवशी परत ताप, परत मीठ-मिरच्या, परत गुण. ताप दिवसाआड, गुणही दिवसाआड. दृष्ट काढायच्या त्याही सांजंला, त्याच हौदाच्या काठावर, डासांच्या घोळक्यात पोरीला बसवून. मला हे कळलं तवा माझं डोकं फिरलं. म्या फोनवरच विचारलं, ताप पळतोय तर माघारी कशाला येतोय, चप्पल विसरली का त्याची? मी आमच्या ढोकीहून निघाले, लेकीला उठवलं आन् व्याही-विहिणींसकट थेट दवाखाना गाठला.

दवाखान्यात महादेवी मॅडम म्हणून डॉक्टरीण होत्या. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. घराजवळ पाणी साचलंय का, त्यांनी विचारलं. व्याही फुगून म्हणाले, घाण पाणी आमच्यात न्हाय, एक हौद हाय तो आरशासारखा.

"ह्या डासाला तसंच पाणी आवडतं," मॅडम म्हणाल्या.

व्याह्यांचं तोंड एवढुसं झालं. मग मॅडमनी आमाला बसवून नीट सांगितलं. गरोदर बाईला हा ताप आला की त्याचे जंतू जाऊन वारेत दडतात. आईचं खाणं बाळाला पोचतं ते वारेतनंच. तिथंच सूज आली, वाट आवळली, की बाळ वाढत न्हाय. दिवसांच्या मानानं राजेश्वरीचं पोट लहान दिसत होतं ते त्यानंच. औषध लगेच सुरू झालं, पण बाळाचं वजन भरंल का, हे विचारल्यावर मॅडमनी पुढच्या तपासण्यांच्या तारखा तेवढ्या लिहून दिल्या.

विहीणबाईंनी घरी येऊन डिंकाचे लाडू वळायला घेतले. म्या म्हनलं, अहो, ऊस तोडलाय, ट्रॉल्या भरल्यात, पर कारखान्याचं गेटच जाम हाय. पाठीमागनं आणखी ट्रॉल्या लावून आत गाळपाच्या गव्हाणीत ऊस पडणार हाय का? व्याही हे ऐकत होते. गेटवर रांगंत ते दर साली बसतात. उठले, आन् भर उन्हात एकट्यानं बादलीनं हौद उपसला.

लेकीला म्या ढोकीला आणली. औषध पुरं केलं, मच्छरदाणी लावली, तपासण्या चुकवल्या न्हायत. तरी दिवस भरायच्या आधीच पोरगी झाली. एक किलो नऊशे. वार बी लहानच होती, मॅडम म्हणाल्या. नात काचेच्या पेटीत, आन् व्याही बाहेर टोपी हातात घेऊन उभे. पाव्हण्यांपैकी कुणी तरी म्हनलं, ढेपेतला दोन किलो फोडा आन् नवस फेडून मोकळे व्हा.

व्याही म्हणाले, "भारोभार बोललोय, कधी ते बोललो न्हाय. ढेप फुटणार न्हाय. पोरगी ढेपंएवढी हुईल."

पोर घरी आली आन् आमच्या मागं ताप लागला तो व्याह्यांचा. दर आठवड्याला फटफटीवर ढेप आन् धान्याचा तराजू घेऊन सास्तूरहून हजर. ओसरीच्या आढ्याला तराजू टांगायचा, एका पारड्यात ढेप, दुसऱ्यात दुपट्यावर नात. ढेप धाडकन खाली, नात वर. मॅडमच्या काट्यावर पोरीचं वजन चांगलं चढत होतं, पर ह्यांचा विश्वास ढेपंवर. तराजू उतरवून, चहाला तोंड न लावता माघारी जायचे. मी लई बोलायची, पर त्यांचं तोंड बघून मलाच रडू यायचं.

चौथ्या महिन्यात एका सकाळी नात खाली आली आन् ढेप वर गेली. त्या दिवशी संगं आलेल्या विहीणबाईंनी साखर वाटली. व्याही टॉवेलानं डोळे पुसत होते. ढेप फडक्यात बांधायला म्या उचलली, तर हाताला हलकी लागली. उलटी केली. खालनं चमच्यानं कोरून कोरून पार वाटी केलेली.

म्या व्याह्यांकडं बघितलं. ते नातीकडं बघत होते.

"बघवत नव्हतं ओ," हळूच म्हणाले, "दर खेपंला ती एवढीशी वर लटकायची."

म्या ढेप सुलटी केली, फडक्यात घट्ट गाठ मारली आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हनलं, "भरली की हो नात. उद्या तुळजापूरला निघू."