सोराकी घरी येतो

सोराकी शेवटी घरी येणार, ही काळ्या दगडावरची रेघ होती. पहिल्याच भागात तो काळोखाच्या राजाकडून गावाचा सूर्य सोडवून आणायला आईचा निरोप घेऊन निघतो. पुढचं शेंबडं पोरही सांगेल. पण त्या जपानी चित्रकथेचं नमनालाच घडाभर तेल. एवढ्यासाठी बावीस भाग काढले, आणि हिंगणघाटच्या अन्नपूर्णाबाईंनी ते मुठीत अक्षता धरून ऐकले.

पुस्तकं त्यांच्या लेकाची, आदेशची. बापाशी भांडून तो घर सोडून गेला, बाप वारला तेव्हाही आला नाही. मागे चौदा भाग राहिले. लेकाला यात काय सापडत होतं ते कळावं म्हणून बाईंनी मुलीला, वर्षालीला, वाचायला बसवलं. ती इंग्रजी बघून आपल्या बोलीत सांगायची. दोनतीन भागांतच बाईंनी त्याची व्रताची कहाणी करून टाकली. कहाणीतल्या बाईला देव पावतो तसा ऐकणारीलाही पावतो. सोराकी घरी आला की आदेश येणार. मधे उठायचं नाही, जांभई द्यायची नाही. नवा भाग निघाला की वर्षाली मागवायची. सात वर्षं हे चाललं.

आता वर्षालीला नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आई मात्र घराला कुलूप लावू देईना. पोरगं आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर? शेवटी एवढंच कबूल झालं, "कहाणी पुरी होऊ दे, मंग येतो तुह्यासंग."

आदेश येणार नाही, हे वर्षालीला ठाऊक होतं. दिवाळीत तिने कुठूनकुठून त्याचा नंबर मिळवला होता. हैदराबादला त्याला बायको आहे, मुलगी आहे, सगळं बरं चाललंय. "मी मेलो असं समजा," म्हणाला, आणि नंबर बदलला. मेलेल्या लेकासाठी रडता तरी येतं. धडधाकट लेकाला आपण नकोत, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? वर्षालीची छाती झाली नाही.

म्हणून तिने सोराकीलाच मारायचं ठरवलं.

रविवारी सकाळी तिने शेवटचा भाग एकटीने वाचून काढला. राजा हरला, सूर्य सुटला, जो तो आपापल्या ठिकाणी पोचला. सगळं आधीच माहीत असूनही तिचे डोळे भरून आले. मग तिला त्या पुस्तकाचा भयंकर राग आला.

दुपारी आई अक्षता घेऊन बसली.

"...सूर्य गावाले भेटला," वर्षालीने शेवट केला, "पण सोराकी डोंगरावरच मेला. संपली कहाणी."

बाईंची मूठ उघडली नाही. "खोटं काऊन वाचून राह्यली वं?"

"खोटं नाई, आई."

"पार्सल मीच फोडलं काल. पह्यल्याच पानावर हाये तो, मायच्या गळ्यात पडून रडून राह्यला."

ही पुस्तकं आपल्या उलट बाजूने उघडतात. आपलं पहिलं पान ते त्यांचं शेवटचं. बाईंनी आजवर एकही भाग हातात घेतला नव्हता, म्हणून वर्षालीच्या हे ध्यानातच आलं नाही.

ती रडायला लागली. "हाव, सोराकी येते घरी. आपला आदेश नाई येत, आई. माहं बोलणं झालं त्याच्यासंग. बायको हाये त्याले, पोरगी हाये. तो म्हणे, मी मेलो असं समजा."

 बाई सावकाश म्हणाल्या, "मंघाशी सोराकी मारला, आता आदेशले मारतं. एवढी काऊन घाई झाली तुले नागपूरची?"

"तुही आन, आई. खरं सांगून राह्यली."

"खोटी वाचली का कहाणी फळत नाई. सात वर्षं पाण्यात गेले." बाईंनी हातातल्या अक्षता वाटीत टाकल्या आणि ताज्या घेतल्या. "पह्यला भाग काढ."

वर्षालीने दवाखान्यात फोन लावला, उद्या जमणार नाही म्हणाली. मग कधी येता, असं तिकडून विचारलं. आई मूठ धरून समोर बसलेली होती.

"दुसरं कोणी पाहा," वर्षाली म्हणाली.