साहेबांचे शर्ट पांढरे कसे?

मी आयर्न फिल्टर बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. रबाळ्यात एका लाँड्रीच्या मागे जी निळी लोखंडी टाकी उभी आहे ना, तोच मी.

बोअरचं पाणी दिसतं नितळ, पण त्यात लोखंड विरघळलेलं असतं. हवा लागली की ते तांबूस होतं आणि कपडे पिवळे करतं. माझ्या पोटातले काळे दाणे ते लोखंड धरून ठेवतात, म्हणून हॉस्पिटलच्या चादरी पांढऱ्या निघतात. माझी मागणी काय? रोज उलटं पाणी सोडून माझं पोट धुवा, आणि दाणे थकले की बदला. बस्स!

पण माणसं कसली हुशार! पहिले सहा महिने धुतलं. मग मॅनेजर मधुकर साहेब म्हणाले, "रोज रोज कशाला पाणी घालवायचं?" दाणे तर चार वर्षांत बदललेच नाहीत. दसऱ्याला मात्र नवा रंग, झेंडूचा हार, वर हळदकुंकू. पोटात गाळ आणि गळ्यात हार! काय ती भक्ती!

व्हायचं तेच झालं. चादरी पिवळट निघायला लागल्या. साहेबांनी मशिनवरच्या करिमुन्निसाला फर्मावलं, "ब्लीच वाढव." अहो, ब्लीचनं लोखंडाचा डाग जातो थोडाच? उलट पक्का होतो. बारा वर्षं चादरी धुणाऱ्या बाईला हे कळत होतं. ती म्हणालीसुद्धा, "साहेब, हे ब्लीचचं काम नाय. फिल्टर बघा." पण ऐकतो कोण!

परवा हॉस्पिटलच्या उत्कर्षा मॅडम पिवळ्या चादरींचा गठ्ठा घेऊन थेट दारात. साहेबांनी लगेच खापर फोडलं, "हिनंच ब्लीच जास्त ओतलं, मॅडम. उद्यापासून हिला काढतोच."

करिमुन्निसाचं तोंड एवढंसं झालं. घरात कमावणारी ती एकटी. मला असा संताप आला म्हणून सांगू!

मॅडम साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडे बघत होत्या. "हा कुठे धुता?"

"इथेच की!" साहेबांनी छाती फुगवली. "हीच धुते. हात चांगलाय तिचा."

"हात तोच, मशीन तेच. मग हा पांढरा कसा?"

करिमुन्निसानं ओढणी सावरली. "मॅडम, साहेबांचे शर्ट मी पिण्याच्या जारच्या पाण्यात धुते. ऑर्डर हाय त्यांची. बोअरचं पाणी माझ्या शर्टाला लावू नको, बोलतात."

म्हणजे साहेबांना सगळं ठाऊक होतं! चादरींवर रुग्ण झोपतात, ते काय तक्रार करणार?

"या बाई कामावर राहतील," मॅडम म्हणाल्या. "फिल्टर सुधारला नाही, तर आमच्या चादरी राहणार नाहीत."

आज सकाळी साहेबांनी माझ्याकडे माणूस पाठवला. मी हरखलो, वाटलं, आले एकदाचे दाणे! बघतो तर त्याच्या हातात निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश.

करिमुन्निसा, माझं एवढं एक काम कर, बाई. आजपासून साहेबांचे शर्ट माझ्याच पाण्यात धू.