पित्तातला गाळ

घरात त्याला सगळे बारक्या म्हणत. पुढे तो पीएच.डी. झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, प्रयोगशाळेतली माणसं 'सर, सर' करायला लागली, तरी थोरल्या बहिणीच्या तोंडचं 'बारक्या' काही सुटलं नाही. ती अंगाने भरलेली आणि तो काडीपैलवान. आई म्हणायची, "वाटणीच चुकली माझी. एकीच्या ताटात सगळं आणि दुसऱ्याच्या ताटात वारा."

ताई लोकांना मोटार चालवायला शिकवायची. लग्न तिने केलं नव्हतं. एक गाडी, एक फळा आणि रस्त्याकडेची एक खोली, एवढी तिची शाळा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि आवाज चढवायचा नाही, ही तिची पद्धत.

बारक्याचं काम पित्तावर चाले. पित्ताशयात खडे का होतात, हे तो वर्षानुवर्षं शोधत होता. ताईने एकदा विचारलं तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "यकृत कोलेस्टेरॉल पित्तात सोडतं. विरघळलेलं आहे तोवर ठीक. जास्त झालं की चहातल्या जास्तीच्या साखरेसारखं तळाशी बसतं. आधी गाळ, मग खडे."

"मास्तर तुला दगड म्हणायचे," ताई म्हणाली. "आता दगडांवरच पोट भरतोस. मास्तरांना दूरदृष्टी होती म्हणायची."

त्याचा मुख्य प्रश्न असा होता, की झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना खडे जास्त का होतात? उंदरांना तो आधी भरपूर चरबीचं खाणं देई, मग एकाएकी कमी करी, आणि त्यांच्या पित्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरी. अंगातली चरबी भराभर वितळली, की तिच्यातलं कोलेस्टेरॉल यकृताकडे येतं आणि तिथून पित्तात उतरतं. त्यात पोटात अन्नच नसेल, तर पित्ताची पिशवी आकुंचन पावत नाही, पित्त आतच साचून राहतं. हे त्याने इतक्या वेळा समजावलं होतं, की ताईला तोंडपाठ झालं होतं.

मग त्याचे डोळे पिवळे झाले. यकृतातल्या पित्तनळ्या आतून आवळत जाण्याचा आजार होता तो. जन्मभर ज्या पित्ताचा माग काढला, त्यानेच शेवटी गाठलं, असं लोक हळहळून म्हणत. दुखण्यापेक्षा खाजेने तो जेरीला आला होता. अंगभर आतून मुंग्या चालाव्यात तशी खाज. झोपेत तो रक्त येईस्तोवर खाजवी, म्हणून बायकोने त्याला सुती हातमोजे शिवून दिले होते. दिवसाही ते त्याच्या हातात असत.

यकृत बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बायकोचा रक्तगट जुळला नाही. ताईचा जुळला. पण तपासणीत ताईच्या स्वतःच्या यकृतावरच चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरलं तर तुमचं अर्धं यकृत घेता येईल. पण सावकाश. चार-पाच महिने घ्या. तेवढा वेळ आहे आपल्याकडे."

परत येताना गाडी ताई चालवत होती. बारक्या म्हणाला, "ताई, घाई करू नकोस हं. रोज दोन वेळा जेव. जेवणात चमचाभर तेल असू दे. त्याशिवाय पिशवी रिकामी होत नाही."

"हो रे बाबा. गुरुजी घरीच असल्यावर काय!"

पण त्याच आठवड्यात त्याच्याकडे गेली असता तिने हातमोजे धुवायला काढलेले पाहिले. बोटांच्या टोकांशी तांबूस डाग होते. चार-पाच महिने! त्या दिवसापासून तिने जेवण सोडलं. काकडी, साखरेविना कॉफी, फारच चक्कर आली तर अर्धं केळं. घरी एकटी, विचारणारं कोण? बारक्या फोन करी.

"जेवलीस?"

"जेवले."

"तेल?"

"घातलं रे."

जन्मात त्याच्याशी खोटं बोलली नव्हती असं नाही, पण इतक्या सराईतपणे कधीच बोलली नव्हती. तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले. शिकायला येणारी माणसं विचारत, "बाई, बरं नाही का?" ती म्हणे, "समोर बघा, समोर."

डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्याहूनही कमी वेळात वजन उतरलं. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर चकित झाले. "यकृत छान झालंय. पित्ताशयात थोडा गाळ दिसतोय, पण तुमचं यकृत काढताना ती पिशवी काढावीच लागते. तेव्हा त्याची चिंता नको." खाणंपिणं व्यवस्थित आहे ना, असं त्यांनी विचारलं. ताईने मान डोलावली. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्याच आठवड्यातली मिळाली.

रिपोर्ट घेऊन ती तडक भावाकडे गेली. भावजय औषधं आणायला बाहेर गेली होती. बारक्याने हातमोजे काढले आणि कागद वाचायला घेतला. वाचता वाचता एका ओळीपाशी तो थांबला. मग त्याने ताईकडे पाहिलं, तिच्या गळ्याखालच्या वर आलेल्या हाडांकडे पाहिलं. आता बोलणी खावी लागणार म्हणून ती तयारीने बसली. पण त्याने कागदाची घडी घालून परत दिली.

"छान आहे," तो म्हणाला. "आता तरी नीट जेव."

त्याच्या लक्षात आलं नाही, असं समजून ती सुटकेचा श्वास टाकून घरी आली आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

कळ आली ती काम करत असताना. एक निवृत्त तारमास्तर गाडी मागे घ्यायला शिकत होते. बरगड्यांखाली कुणीतरी खुंटी ठोकावी आणि ती पाठीतून बाहेर काढावी, असं तिला झालं. तिच्या तोंडून शब्द फुटेना. तारमास्तरांनी तिचा चेहरा पाहिला आणि आयुष्यात प्रथमच भर रहदारीत गाडी घातली. दुसऱ्या गिअरच्या वर न जाता, सगळ्यांच्या शिव्या खात, त्यांनी तिला रुग्णालयात पोहोचवलं.

पित्ताशयातला एक बारीक खडा घसरून खाली आला होता. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एक होतात, नेमका तिथे अडकला होता. खडा डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून काढला, पण तोवर स्वादुपिंड सुजून गेलं होतं. ताई जगली हेच पुष्कळ. यकृत देणं आता कित्येक महिने शक्य नव्हतं.

बारक्या तिला भेटायला आला तो चाकाच्या खुर्चीतून. भावजय खुर्ची ढकलत होती. तिने खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ताईला विचारलं, "डॉक्टर म्हणतात, उपाशी राहिल्याने झालं. खरं?"

ताईने होकारार्थी मान हलवली. भावजयीने ओठ घट्ट मिटले. बारक्याने तिला पाणी आणायला पाठवलं.

"ताई, मला कळलं होतं."

"काय?"

"रिपोर्ट वाचला तेव्हाच. असा गाळ मी उंदरांमध्ये किती वेळा पाहिलाय. तू उपाशी आहेस, हे डोळ्यांना दिसत होतं. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. हिला औषध द्या, महिनाभर थांबा, एवढंच तर सांगायचं होतं." त्याचा श्वास लागला. "फोन हातात घेतला होता मी. मग वाटलं, महिनाभर मीच टिकलो नाही तर? आठवडाभराचा तर प्रश्न आहे, निभावेल. आणि वर तुला नीट जेव म्हणालो. बंद पडलेली पिशवी एकदम चालू झाली, की असंच होतं कधी कधी. हेही मला माहीत होतं."

ताईच्या नाकात नळी होती. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"मला जगायचं होतं गं," तो म्हणाला.

"मग त्यात काय चुकलं?" ती कशीबशी म्हणाली. "मीपण त्याचसाठी उपाशी होते ना."

तो रडला. पिवळ्या डोळ्यांतून आलेलं पाणी मात्र स्वच्छ होतं, हे पाहून ताईला उगाच आश्चर्य वाटलं. भावजयीची पावलं ऐकू आली तसा तो घाईने म्हणाला, "हिला मी सांगेन. जरा बरं वाटू दे मला."

त्याला बरं वाटलं नाही. आवळलेल्या नळ्यांमध्ये जंतू शिरले, ताप चढला, आणि ताई रुग्णालयातून सुटण्याआधीच तो गेला. तिला उठता येत नव्हतं. शेवटचं दर्शनही झालं नाही. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या बाई येऊन सांगून गेल्या. सांगताना त्यांनाच इतकं रडू आलं, की शेवटी ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे ताईचं पित्ताशय काढलं. आतलं पित्त आणि खडे बारक्याच्या प्रयोगशाळेला द्या, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच बाई बर्फाचा डबा घेऊन आल्या.

"यातून काही कळेल?" ताईने विचारलं.

"एकट्या तुमच्या पित्तातून नाही," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "अशा पुष्कळ जणांचं जमलं तर कदाचित."

भावजयीने मधल्या काळात एक फोन केला नाही की घेतला नाही. ताई तिच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती. मग एका दुपारी शाळेच्या खोलीत ताई फळा पुसत होती, तर दारात भावजय.

"गाडी तशीच पडून आहे," ती म्हणाली. "हेच चालवायचे. मला शिकायचीये."

ताईने शिकवणीच्या गाडीची किल्ली घेतली. गावाबाहेरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर तिने भावजयीला चालकाच्या जागी बसवलं. क्लच कुठला, ब्रेक कुठला, आरसा कसा लावायचा, सगळं सांगितलं. भावजयीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि किल्ली फिरवलीच नाही.

"तुम्ही त्यांच्याशी खोटं का बोललात?"

"घाई झाली होती मला."

"त्यांना ठाऊक होतं का?"

ताई समोर बघत राहिली.

"मी विचारतेय, ताई. रिपोर्ट त्यांनी वाचला होता. उभा जन्म त्यांनी त्यावरच घालवला. त्यांना कळलं नसेल?"

त्याने सांगायचं कबूल केलं होतं. आता सांगणारी ती एकटीच उरली होती. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण शेजारच्या बाईकडे तिने पाहिलं. या बाईने त्याचे हातमोजे शिवले होते. तिच्याकडे आता तो तेवढाच उरला होता, जसा तिला आठवत होता तसा.

"नाही कळलं त्याला," ताई म्हणाली. "त्या दिवशी खाजेने हैराण होता. कागदावरून नुसती नजर फिरवली त्याने."

"म्हणजे फक्त तुम्हीच."

"हो. मीच."

भावजय बराच वेळ रडली. ताईने तिला हात लावला नाही. तेवढा आपला हक्क राहिलेला नाही, असं तिला वाटलं.

"मी तुम्हाला माफ करणार नाही," डोळे पुसत भावजय म्हणाली.

"नको करूस."

"पण शिकणार तुमच्याकडेच. दुसरीकडे परकी माणसं ओरडतात म्हणे."

"मी नाही ओरडत."

भावजयीने किल्ली फिरवली. गाडी हिसका देऊन बंद पडली. तिने पुन्हा फिरवली, पुन्हा बंद पडली.

"क्लच हळू सोड," ताई म्हणाली. "घाई नको."

तिसऱ्या खेपेला गाडी हलली. दोघी पहिल्या गिअरमध्येच पुढे निघाल्या. समोरून एक ट्रक येत होता, आणि भावजयीने विचारलं, "आता मी काय करू?"