शांत डब्यात

“सांग, गाडीत मी तुझी कोण?” लिस्बेटनं विचारलं.

“कुणी नाही,” टिल्डे म्हणाली.

“आणि काही अडलं तर?”

“आधी मी विचार करायचा. मग तपासनिसाला विचारायचं. मग तुला फोन. हाक मारायची नाही.”

“शाब्बास. आणि परत ओळख कुठं?”

“वायलेच्या फलाटावर. घड्याळाखाली.”

ऑर्हुस स्टेशनावर सकाळची गर्दी ओसरली होती. सतरा वर्षांची टिल्डे अंगानं थोराड होती आणि जूनच्या उन्हातही तिनं हिवाळी कोट गळ्यापर्यंत लावला होता. शेजारी तिची आई, मेरेटे, पर्सचा पट्टा पिळत उभी होती. वायले गावातल्या एका सायकल दुरुस्तीच्या कारखान्यात टिल्डेला काम मिळत होतं. चाकाच्या तारा तिच्यासारख्या कुणी ओढत नाही असं मालक स्वतः म्हणाला होता. त्याची अट एकच होती, पोरीनं रोज आपली आपण यायला हवं. आज ती एकटी पोचली तर ते काम तिचं. नाहीतर पुन्हा घर, तीच खोली आणि आईच्या मागंमागं फिरणं.

अशा मुलांना एकट्यानं जगायला शिकवणं ही लिस्बेटची नगरपालिकेतली नोकरी. ऑटिझम असलेली किती मुलं तिनं हाताला धरून मोठ्यांच्या जगात सोडली, त्याची तिला स्वतःलाही मोजदाद नव्हती. तिची रीत ठरलेली. आधी मुलाच्या शेजारी बसायचं, मग मागच्या बाकावर, मग डब्याच्या दुसऱ्या टोकाला अगदी परक्यासारखं, आणि शेवटी यायचंच नाही. आजची पाळी परक्यासारखं बसण्याची होती.

“मी नाही बाई थांबत,” मेरेटे म्हणाली. “ही कुणाला फाडकन काही बोलते आणि सगळे वळून बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुझं एक बरंय, तुला लाज कशी ती वाटत नाही.”

“लाज वाटायला तिनं काय चोरी केलीय?” लिस्बेट म्हणाली.

हे वाक्य ती पालकांच्या सभेतही म्हणत असे. म्हणून झालं की क्षणभर थांबत असे. टाळ्यांसाठी थांबत होती असं नाही, पण थांबत असे खरी.

गाडी आली. टिल्डेनं शांत डबा निवडला. तिथं बोलायचं नाही, फोन वाजवायचा नाही, तशी दारावर पाटीच असते. कानावर आवाज आदळला की टिल्डेचं डोकं भणाणतं, म्हणून तो डबा तिला स्वर्गासारखा. ती खिडकीशी बसली, जेवणाचा डबा मांडीवर, पाठ ताठ. लिस्बेट दुसऱ्या टोकाला पुस्तक उघडून बसली आणि पुस्तकावरून हळूच टिल्डेकडे बघत राहिली. तिकीट दाखवलं, व्यवस्थित. शेजारच्या म्हाताऱ्याला “सुप्रभात” म्हणाली आणि पुढं एक अक्षर नाही. लिस्बेटची छाती अभिमानानं जरा फुगलीच.

स्कॅनरबोर स्टेशनावर वीबेके चढली.

वीबेकेचं महत्त्व कळायचं तर लिस्बेटचे रविवार माहीत हवेत. नवरा गेल्यापासून ते संपता संपत नसत. समुद्रकाठच्या हिवाळी स्नानमंडळात नाव घालून ती वर्षानुवर्षं ताटकळली होती. बर्फासारख्या पाण्यात बुडी मारायची आणि मग सौनाच्या तापलेल्या खोलीत सगळ्यांनी उघड्यानं एका बाकावर बसून घाम काढत गप्पा हाणायच्या, एवढ्यासाठी तिथं रांग लागते. अखेर गेल्या हिवाळ्यात तिचा नंबर लागला. वीबेके त्या मंडळाची अध्यक्ष. बाकावर कुणी कुठं बसायचं हे कुणीच ठरवत नसे, फक्त ते वीबेकेच्या मनासारखं होत असे.

“अय्या, लिस्बेट! कपड्यांत ओळखलंच नाही मी तुला!”

लिस्बेट हसली. शांत डब्यात शोभणार नाही इतकी मोठ्यानं हसली. वीबेके शेजारी टेकली आणि कुजबुजत, पण थांबायचं नाव न घेता, बोलू लागली. हंगामाच्या पहिल्या बुडीला यंदा मेजवानी करायची, कुणी मासे आणायचे, कुणी दारू.

टिल्डे उठली. गाडीच्या हेलकाव्यात तोल सावरत त्यांच्यापाशी आली. डोळे पाटीवर.

“हा शांत डबा आहे. तिथं लिहिलंय. तुम्ही बोलताय.”

“हो गं राणी, चुकलं आमचं,” वीबेके गोड हसून म्हणाली, आणि टिल्डेची पाठ वळताच लिस्बेटकडे बघून तिनं डोळे फिरवले. “तर मी काय म्हणत होते, मेजवानीच्या समितीत तू ये. आपली चौघींचीच आहे.”

‘नंतर बोलू’ एवढंच म्हणायला हवं होतं. तीन शब्दही नव्हते ते. पण समितीत चौथी होण्याची गोडी तिच्या जिभेवर बसली होती. “खरंच?” असं लिस्बेट म्हणाली, आणि मग मासे कोणत्या दुकानातले चांगले हेही तिनंच सांगितलं.

“अजून बोलताय!” टिल्डे परत आली होती. दोन्ही हात कानांवर, आवाज टिपेला. “अजून बोलताय! अजून बोलताय!”

सगळ्यांची डोकी फोनमधून वर आली. कुणीतरी च्च् केलं. तपासनीस दारातून घाईनं येताना दिसला.

“अगं बाई,” वीबेके म्हणाली. “हिच्याबरोबर कुणी नाही की काय? आणि तुझ्याकडे काय बघतेय मघापासून? ओळखीची आहे?”

“नाही,” लिस्बेट म्हणाली. “मी नाही ओळखत.”

इथं थांबली असती तरी चाललं असतं. हे ठरलेलंच होतं. पण वीबेकेची भुवई अजून खाली आली नव्हती, लिस्बेटच्या मानेवरून कढ वर चढत होता, आणि तोंड आपलं आपण पुढं चाललं होतं.

“घरच्यांनी तरी असं एकटं सोडू नये,” ती म्हणाली. “बाकीच्यांना किती त्रास.”

तपासनीस भला माणूस होता. “कुणी आहे का गं तुझ्याबरोबर?” त्यानं टिल्डेला विचारलं.

टिल्डेनं लिस्बेटकडे पाहिलं. लिस्बेटनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जवाची शेतं पळत होती आणि तिच्या मनात एकच धास्ती होती, आता ही आपलं नाव घेते की काय.

“कुणी नाही,” टिल्डे म्हणाली. “मी एकटी आहे.”

“मग जरा बाहेर दाराशी उभी राहतेस? तिथं आवाज नाही.”

“चुकतायत त्या. मी का बाहेर जायचं?”

“बरोबर आहे तुझं. तरी चल.”

ती गेली. जाताना जेवणाचा डबा घ्यायला विसरली नाही.

लिस्बेटला आधी सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचीच मग तिला इतकी लाज वाटली की वीबेके पुढं काय बोलली ते तिच्या कानात शिरलंच नाही. उठावं, दाराशी जाऊन पोरीजवळ उभं राहावं असं दर मिनिटाला वाटत होतं. वायलेपर्यंत ती बसूनच राहिली.

वीबेके पुढं फ्रेडेरिसियाला जाणार होती. लिस्बेट उतरली तेव्हा टिल्डे घड्याळाखाली उभी होती, ठरल्या जागी. खिडकीतून वीबेके हात हलवत होती. लिस्बेटनंही हलवला, आणि मग पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं सोंग करत तिथंच रेंगाळली. गाडी हलेना. ती हलली, शेवटचा डबा नजरेआड झाला, तेव्हा कुठं लिस्बेटचे पाय घड्याळाकडे वळले.

“मी बरोबर उतरले,” टिल्डे म्हणाली.

“अगदी बरोबर.”

“तपासनिसाला तुझं नाव नाही सांगितलं.”

“नाही सांगितलंस.”

“‘ओळखत नाही’ हे ठरलेलं होतं. ‘घरच्यांनी एकटं सोडू नये’ हे ठरलेलं नव्हतं.” टिल्डे बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, तशी ती घड्याळाच्या काट्यांकडे बघत होती. “तेही नाटकातलंच होतं का?”

एक ‘हो’ पुरला असता. टिल्डेनं तो मानला असता. लिस्बेटनं सांगितलेलं सगळंच ती मानत आली होती, म्हणून तर इथवर आली होती. लिस्बेटच्या ओठांवर ‘हो’ आलाही.

“नाही,” ती म्हणाली. “मला लाज वाटली.”

“कशाची?”

“तुझी.”

टिल्डेनं ते ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लिस्बेटला वाटलं.

“सकाळी तू आईला म्हणालीस, मी चोरी केलेली नाही.”

“म्हणाले होते.”

“दुकानात मी ओरडले की आईचं तोंड लाल होतं,” टिल्डे म्हणाली. “पण कुणी विचारलं तर ती म्हणते, ही माझी मुलगी आहे.”

 वर्षानुवर्षं लिस्बेट त्या बाईला आणि तिच्यासारख्या कितीकांना खुर्चीवर बसवून लाजेवर व्याख्यानं देत आली होती.

“माझं चुकलं, टिल्डे,” ती म्हणाली. “फार चुकलं.”

“हो,” टिल्डे म्हणाली. मग तिनं कोटाचं वरचं बटण चाचपलं. “कारखान्यापर्यंत तू मागून येणार होतीस. ते आता नको. मला रस्ता येतो.”

“खरंच नको?”

“एकटीनंच तर जायचंय.”

तिनं लिस्बेटचा निरोप घेतला, शिकवल्याप्रमाणे, हात पुढं करून. हात कोरडा आणि घट्ट होता. मग ती जिना उतरून गेली.

लिस्बेट स्टेशनच्या दारापर्यंत आली आणि तिथं थबकली. समोर चौक होता. पायी जाणाऱ्यांसाठी दिवा लाल होता. दोन्ही बाजूंना लांबवर एकही गाडी नव्हती, तरी टिल्डे फुटपाथच्या कडेला ताठ उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. दिवा हिरवा झाला. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून ती चढाच्या गल्लीला लागली.

दिवा परत लाल झाला. रस्ता अजून रिकामाच होता. लिस्बेट अलीकडेच उभी राहिली.