पिवळा फ्रॉक

“फ्रॉकचा रंग?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“पिवळा.”

वय? पाच. केस? दोन वेण्या. मी धडाधड उत्तरं देत होतो आणि बाई लिहून घेत होत्या. त्यातलं एकही उत्तर बरोबर नव्हतं, पण ते मला अर्ध्या तासाने कळलं, आणि तेही चारचौघांत.

हरवलेली मुलं शोधून द्यायची हे त्या बाईंचं काम. पार्कच्या फाटकाजवळ एक छोटी खोली, तिला एक खिडकी, टेबलावर माईक आणि एक जाड वही. मुलांची नावं आम्ही माईकवर घेत नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. नाव कळलं की कोणीही हाक मारतो आणि पोर त्याच्यामागे निघून जातं. म्हणून फक्त वर्णन सांगायचं, आणि ते ऐकून झाडूवाल्यांपासून पाळणेवाल्यांपर्यंत सगळे नजर ठेवतात.

“तेव्हा नीट आठवून सांगा हं,” त्या म्हणाल्या.

नीट आठवून सांगणं हाच माझा धंदा आहे. मी स्टोअरकीपर. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग सांभाळतो. चार हजारांच्या वर वस्तू आहेत, आणि कुठली कोणत्या रॅकवर, कितव्या कप्प्यात, हे मी वही न उघडता सांगतो. स्टोअरमध्ये मला कोणी नावाने हाक मारत नाही, ‘तोंडपाठ’ म्हणतात. साहेब पाहुण्यांना घेऊन येतात आणि म्हणतात, विचारा याला काहीही. मग मी छताकडे बघत, जरा भाव खात, उत्तर देतो. घरी गेल्यावर हे सगळं बायकोला रंगवून सांगतो. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकून घेते.

ही सहल तिनेच ठरवली होती. तीन वर्षं मी ‘या सुट्टीत नक्की’ म्हणत होतो आणि दर सुट्टीत माझी मालमोजणी निघत होती. शेवटी तिने मला न विचारताच दोन दिवसांचं सगळं ठरवून टाकलं आणि मला फक्त रजा टाकायला सांगितली. काल आम्ही डायनासोरच्या पार्कमध्ये होतो, आज या पाण्याच्या आणि पाळण्यांच्या. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता. धाकटा तीन वर्षांचा, त्याने सकाळी सकाळीच कारंज्यात बसकण मारली. बायको त्याला कोरडे कपडे घालायला कपडे बदलायच्या खोलीकडे घेऊन गेली. तिथे बायकांची ही लांब रांग. जाताना तिने तिची पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली आणि म्हणाली, “मनीकडे बघा. फोन घेऊ नका.”

मनी म्हणजे आमची थोरली. आम्ही मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत उभे होतो, आणि फोन आला. माझा मदतनीस होता. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि एक सील सापडत नाही म्हणाला. मी त्याला सांगितलं, चौथी रांग, खालून दुसरा कप्पा, डाव्या हाताला, हिरव्या झाकणाचा डबा. तिथेच सापडलं. तो म्हणाला, कमाल आहे तुमची. मला बरं वाटलं. त्या भरात माझं लक्ष घसरगुंडीमागच्या जाळीकडे गेलं. तिथे वर पाणी चढवणारा पंप होता, आमच्याकडे ज्याचे भाग येतात त्याच बनावटीचा, पण केवढा मोठा. मी त्याचा फोटो काढायला जाळीजवळ गेलो. मनी काहीतरी म्हणाली. मी ‘हं’ म्हणालो. मागे वळलो तर ती नव्हती.

“आजचा फोटो असेल ना मोबाईलमध्ये?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं. “तो दाखवलात तर सगळंच सोपं होईल.”

मी मोबाईल उघडला. दोन दिवसांत मी नऊ फोटो काढले होते. पाच पंपाचे, तीन डायनासोरची मान हलवणाऱ्या मोटरचे आणि एक चुकून निघालेला माझ्या अंगठ्याचा. मी मोबाईल खिशात टाकला आणि बॅटरी संपल्याचं सांगितलं. तेवढ्यात तो वाजला. स्टोअरमधूनच होता. मी तो बंद केला आणि बाईंकडे बघायचं टाळलं. त्यांनी माईक जवळ ओढला आणि पिवळा फ्रॉक, वय वर्षं पाच, दोन वेण्या असं तीनदा सांगितलं.

आता जे सांगायचं ते सांगायला जड जातं. बायको तिथून शंभर पावलांवर होती. तिला जाऊन विचारलं असतं तर सगळं दोन मिनिटांत निस्तरलं असतं. मी गेलो नाही. ती बाहेर यायच्या आत पोर सापडावी आणि तिला काही कळूच नये, एवढंच माझ्या मनात होतं. पोर हरवल्याची भीती होतीच, नव्हती असं नाही, पण बायकोची त्याहून जास्त वाटत होती. बापाच्या मनात त्या वेळी असला हिशेब चालू होता, हे आठवलं की अजून मला स्वतःची किळस येते.

मी पार्कभर पळत सुटलो. पिवळा फ्रॉक दिसला की धावत जायचो आणि पोरीचं तोंड बघायचो. अशा तिघी निघाल्या. एकीच्या आजोबांनी मला दरडावून विचारलं, काय पाहिजे? दुसरी मला बघून रडायलाच लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, बाजूने जाणाऱ्या बाकीच्या पोरी मला दिसतच नव्हत्या. कर्ण्यातून दर पाच मिनिटांनी माझंच वर्णन ऐकू येत होतं.

फिरून कारंज्यापाशी आलो तर बायको समोर उभी. धाकटा तिच्या कडेवर, कोरडा ठणठणीत.

“कोणाची तरी पोर हरवलीय,” ती म्हणाली. “मघापासून सांगतायत. काय एकेक आईबाप असतात.” मग माझ्या मागे बघून तिने विचारलं, “मनी कुठाय?”

कर्णा पुन्हा सुरू झाला. पिवळा फ्रॉक, वय वर्षं पाच.

“ती आपलीच आहे,” मी म्हणालो.

“कोण?”

“ही. कर्ण्यावरची.”

अनोळखी माणसाला पत्ता समजावून सांगावा तशी ती सावकाश म्हणाली, “मनीने आज निळा फ्रॉक घातलाय.”

त्यानंतर तिने धाकट्याला माझ्या अंगावर टाकला आणि ती पळाली. मी मागोमाग पोचलो तेव्हा ती खिडकीत वाकून सांगत होती. निळा फ्रॉक, पुढे पांढरी बटणं, त्यातलं खालचं वेगळं. केस खांद्यापर्यंत, मोकळे, वेण्या नाहीत, शाळेला सुट्टी लागली तेव्हाच कापले. सहा पूर्ण होऊन महिना झाला. पुढचा वरचा दात पडलाय. तपकिरी सँडल. उजव्या गुडघ्यावर काल पडल्याची खपली. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, छताकडे न बघता.

बाईंनी पान मागे उलटून आधीची नोंद काढली. वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं. खिडकीशी आणखी दोन-तीन माणसं उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. धाकटा माझे कान ओढत होता आणि तो करतोय ते योग्यच आहे असं मला वाटलं.

तोवर माझ्या लक्षात आलं होतं, मी काय केलं ते. स्टोअरमध्ये माझ्या टेबलाच्या काचेखाली मनीचा एक फोटो आहे. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. रोज दहा-बारा तास तो माझ्या डोळ्यांसमोर असतो. दोन वर्षांपूर्वीचा. मी तो फोटो तोंडपाठ म्हणून दाखवला होता. ती घरात असते तेव्हा मी निघालेला असतो नाहीतर पेंगत असतो, आणि महिन्यापूर्वी तिला सहावं लागलं, छे, सहा पूर्ण झाली, त्या दिवशी मी मालमोजणीला होतो.

नवं वर्णन सांगून चार मिनिटंही झाली नसतील, एक झाडूवाल्या मावशी मनीला बोटाला धरून घेऊन आल्या. ही पोर आपल्याला मघाच दिसली होती, त्या सांगू लागल्या, पण कर्ण्यावर पिवळा फ्रॉक म्हणत होते म्हणून आपण हिला सोडून दिली. तसं सांगताना त्याच ओशाळल्या होत्या. बायकोने मनीला उचलून घट्ट धरलं. मी जवळ गेलो, पण हात पुढे करायचा धीर झाला नाही.

“कुठे गेली होतीस तू?” बायकोने विचारलं. “अशी न सांगता जातात?”

“मी बाबांना विचारलं होतं,” मनी म्हणाली. “बदकांची होडी बघून येऊ का म्हणून. ते हं म्हणाले.”

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मनी अजिबात रडलेली नव्हती. फक्त दमली होती. आईच्या कडेवरून ती सगळीकडे मान वळवून बघत होती आणि मग तिने मला विचारलं, “बाबा, ती सापडली का?”

“कोण?”

“ती पिवळ्या फ्रॉकवाली. पाच वर्षांची. तुम्ही तिलाच शोधत होतात ना? मी बघितलं तुम्हाला, होडीपाशी. तुम्ही किती पळत होतात. मी हाक मारली, पण तुम्ही घाईत होतात. मग मी पण शोधायला लागले. सगळीकडे बघितलं. झुडपात पण बघितलं.” तिचा आवाज बारीक झाला. “ती लहान आहे ना माझ्यापेक्षा. रडत असेल.”

झाडूवाल्या मावशींनी तोंडाला पदर लावला. बायको काहीतरी बोलणार होती. सापडली हो, तिच्या घरी गेली, असं काहीतरी सांगून ती ही गोष्ट मिटवणार होती, माझी अब्रू झाकणार होती. आजवर तिने अनेकदा झाकली आहे. मी तिला थांबवलं. एवढं एक तरी आपल्या तोंडाने सांगावं असं मला वाटलं.

“ती तूच होतीस, मनी,” मी म्हणालो. “मी चुकीचं सांगितलं. तू काय घातलंयस ते मला माहीत नव्हतं.”

तिने आपल्या फ्रॉककडे बघितलं. मग माझ्याकडे. तिला ते खरं वाटेना.

“आणि माझं वय?”

“तेही.”

ती चिडली असती, रुसली असती, तर मी तिची समजूत काढली असती, तेवढं मला येतं. ती आईच्या कडेवरून खाली उतरली. फ्रॉक दोन्ही हातांनी सारखा केला, कपाळावरचे केस मागे सारले आणि माझ्यासमोर सरळ ताठ उभी राहिली, शाळेत उंची मोजताना उभी राहते तशी.

“आता बघून घ्या,” ती म्हणाली. “नीट.”

आणि मागूनही दिसावं म्हणून ती जागच्या जागी सावकाश फिरली.

आजूबाजूने माणसं जात होती, वर पाळण्यातली पोरं ओरडत होती. सगळं उघड्यावर होतं, लखलखीत उन्हात. मी सँडलपासून सुरुवात केली, आणि बराच वेळ माझी नजर तिथून वर गेली नाही.