थांबलेली खीर

टिंग! चांदीचा चमचा फरशीवर पडला आणि वाट बघून पेंगुळलेलं वारज्यातलं ते घर दचकून जागं झालं. चार वर्षांच्या तनयाने हात पाठीमागे लपवले. तेवढ्यात बेल वाजली. तिचा आणि तिच्या तान्ह्या भावाचा, वरदचा, मामा तेजस साताऱ्याहून एकदाचा पोहोचला होता. खंबाटकी घाटात ट्रक आडवा, त्यात वैशाखाचं ऊन.

“या तेजसराव! मुहूर्त गेला, दुपार गेली, तुम्ही आलात,” वरदच्या आजी मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आज वरदचं उष्टावण. पहिला घास मामाने द्यायचा, आणि तो येईपर्यंत सकाळी रांधलेली खीर देवापुढून हलवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत.

त्यांच्या सुनेने, भाग्यश्रीने, लेकाला उचललं, पण ती पाटावर बसली नाही.

“आई, ही खीर त्याला नको. सकाळपासून उकाड्यात आहे.”

“झाकलेली आहे. वास घेऊन बघ.”

“गेल्या उन्हाळ्यात त्या भातालाही वास नव्हता. तनयाला सलाईन लावावं लागलं.”

“आमची चार पोरं फ्रीजशिवाय वाढली हो! आणि नैवेद्याची खीर काय ओतून द्यायची?”

“हो, ओतून द्यायची.” भाग्यश्री म्हणाली. सहा महिन्यांच्या वरदला तिने छातीशी घट्ट धरलं होतं. “इतका वेळ खीर मामासाठी थांबली. आता मामा खिरीसाठी थांबेल. थांबशील ना, दादा?”

“घाटात थांबलोच की. इथे निदान पंखा आहे.”

सासूबाई तरातरा आत गेल्या. पातेलं आपटल्याचा आवाज आला. मग हाक आली, “दूध काढ फ्रीजमधलं. रवा मी भाजते, तू करपवशील.”

कोमट खीर ओठांना लागताच वरदने तोंड वाकडं केलं, जरा विचार केला आणि मामाचं मनगट दोन्ही हातांनी धरून चमचाच आत ओढला. घर खळखळून हसलं. मंदाकिनीबाई तर लगेच फोनवर नणंदेला ऐकवू लागल्या, “बाळाला ताजंच हो! ठेवलेलं आमच्याकडे चालत नाही.”

“आज आपली आई हवी होती गं,” तेजस हळूच बहिणीला म्हणाला.

तनया भाग्यश्रीच्या मांडीत शिरली.

“आई, तुझ्या उष्टावणाला तुझ्या आईनं पण खीर ओतून दिली होती?”

भाग्यश्रीने दादाकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता. हे सांगू शकणारी आईच आता नव्हती.